बिल्ट-इन हॉब: कटआऊट, कडेची फट आणि तिची सफाई

फटफजिती

दगडी ओट्यात चार बर्नरचा, काचेचा गॅस हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) बसवायचा आहे. सूचनापत्रकात काचेचं माप ५९० × ५२० मिमी आणि कटआऊट (ओट्यात कापायचं भोक) ५६० × ४९० दिलंय. खालच्या पत्र्याच्या खोक्याची रुंदी ५५४. दगड कापणाऱ्याचं म्हणणं, "५६५ ठेवू, हॉब सहज उतरेल." हॉब बसवणाऱ्याचं म्हणणं, कडेनं सिलिकॉन फिरवलं की विषय संपला. तिसरं मत असं की सिलिकॉनला हातही लावू नका, पेटीत येते ती काचेखाली लावायची फोमची टेप पुरे. जाणकारांनी कारणांसकट सांगावं. काच आणि दगड यांच्यात पुढे तो काळा चिकट थर बसतो, तो कसा काढायचा (किंवा मुळात बसू कसा द्यायचा नाही) हेही हवंय.

ओळंबा

५६५ नको. हिशोब करून बघा. ५६० च्या भोकात ५५४ चं खोकं म्हणजे दोन्ही बाजूंना ३-३ मिमी मोकळीक. काच प्रत्येक बाजूला दगडावर १५ मिमी टेकते. हॉब एका बाजूला पूर्ण सरकला तरी १२ मिमी टेकू उरतो. ५६५ केलंत तर मोकळीक ५.५ होते, टेकू १२.५ वर येतो आणि हॉब सरकला की एका बाजूला फक्त ७ मिमी. खाली लावायची टेपच ८ ते १० मिमी रुंद असते, म्हणजे तिची आतली कड हवेत लोंबणार. पाणी शिरतं ते तिथूनच. पत्रकातल्या मापाला अधिक-उणे १ मिमी, त्याहून सैल काही नको.

हॉब हातात आल्याशिवाय दगड कापू नये. नुसत्या पत्रकावर विसंबलं आणि दुकानातून दुसरंच मॉडेल आलं तर कापलेला दगड परत जोडता येत नाही.

कापायची पद्धत:

आधी खालच्या कपाटाच्या फळ्या, आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते वर उतरवून घ्या. कटआऊटच्या बरोबर खाली पट्टी आली तर खोकं बसणारच नाही. मध्यरेषा वरच्या चिमणीच्या मध्यरेषेशी जुळवा. मागच्या भिंतीपासून काचेची कड किमान ५० मिमी लांब हवी. बाजूला उंच कपाट असेल तर पत्रकात तिकडचं अंतर वेगळं दिलेलं असतं, तेच पाळायचं. पुढच्या बाजूला दगडाची पट्टी ५० ते ६० मिमी तरी उरली पाहिजे. तुटतं ते नेहमी तिथंच.

चारही कोपऱ्यांत आधी १० ते १२ मिमीचं गोल भोक डायमंड बिटनं, पाणी सोडत पाडायचं. मग चकतीनं भोकापासून भोकापर्यंत सरळ काप. कोपरा काटकोनात तीक्ष्ण ठेवला तर सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि आज ना उद्या तिरका तडा जातो. गोल भोकानं तो ताण पसरतो. आणखी एक: चकती गोल असते, त्यामुळे खालपर्यंत पूर्ण कापायचं म्हटलं की वरच्या बाजूला काप कोपऱ्याच्या पुढे जातो. काचेच्या कडेखाली ते झाकलं जातं म्हणून कारागीर फिकीर करत नाहीत, पण तडा त्याच जादा कापातून सुरू होतो. काप भोकाआधी थांबवून उरलेला भाग हातानं किंवा छोट्या चकतीनं पूर्ण करा.

दगड खाली आणूनच कापला असेल तर उचलताना उभा धरायचा, आडवा कधीच नाही. पुढच्या आणि मागच्या पट्टीला बसवेपर्यंत लाकडी पट्टी शिकंजांनी आवळून ठेवायची.

गुण्या

ओळंबा यांनी दगडाचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. ओटा लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डाचा असेल तर कापण्याइतकंच महत्त्वाचं काम कापल्यानंतरचं आहे. कापलेली कड उघडी असते आणि पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्याला की फुगतो. वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. कड २ मिमी फुगली की काच एका बाजूनं उचलली जाते, टेप सुटते, आणखी पाणी जातं.

म्हणून कापल्यावर भुसा पूर्ण झाडून कडेला पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात, पहिला नीट वाळल्यावर दुसरा. किंवा सिलिकॉनचा पातळ थर बोटानं चोळून. वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली तर उष्णताही परतते. ही पट्टी कडेच्या वरच्या पृष्ठभागावर ४-५ मिमी वळवून घ्यायची, काचेखाली दिसत नाही.

जिगसॉनं (हातात धरायच्या यांत्रिक करवतीनं) वरून कापायचं असेल तर दात खाली असलेलं पातं वापरा, नाहीतर लॅमिनेटचे टवके उडतात. रेषेवर मास्किंग टेप (सहज निघणारी कागदी चिकटपट्टी) लावून तिच्यावर आखा. जिगसॉचा पाय फिरतो त्या जागेवरही टेप हवी, नाहीतर ओट्यावर चरे पडतात. शेवटची बाजू कापताना मधला तुकडा स्वतःच्या वजनानं लचकतो आणि कोपऱ्यातलं लॅमिनेट फाडून नेतो. खालून कुणीतरी धरायला हवं, किंवा कापलेल्या बाजूंवर आडव्या पट्ट्या स्क्रूनं तात्पुरत्या लावायच्या.

ओट्याचे दोन तुकडे जिथे जुळतात तो सांधा हॉबच्या भोकातून जाईल अशी आखणी करू नका. सांध्यावर १ मिमीची पायरी असली तरी काच डुगडुगते.

निळी ज्योत

सिलिकॉनबद्दल. काचेच्या खाली, ओट्यावर सिलिकॉनचं बेड करून हॉब चिकटवणं सरळ चूक. कारण साधं आहे: हॉब ही काढता येणारी वस्तू आहे. व्हॉल्व्ह जाम झाला, स्पार्कची वायर जळली, थर्मोकपल (ज्योत विझली की गॅस बंद करवणारा भाग) गेलं, काहीही झालं की तो वर उचलावा लागतो. खालून चिकटलेला हॉब उचलताना काच जाते. बहुतेक उत्पादक पत्रकात हे स्पष्ट लिहितात, आणि अशी फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही.

टेप कशी लावायची, कारण निम्मे लोक ती उलटसुलट लावतात:

हॉब जाड घडी केलेल्या चादरीवर पालथा ठेवा. जाळ्या, झाकण्या, नॉब आधी काढून ठेवा. काचेची खालची कड स्पिरिटनं पुसा, बोटांचा ओशटपणा राहिला तर टेप धरत नाही. टेप कडेपासून १ ते २ मिमी आत, अखंड फिरवायची. सुरुवात कोपऱ्यात करू नका, लांब बाजूच्या मध्यावर करा, शक्यतो मागच्या बाजूला. कोपऱ्यात टेप ताणू नका. ताणली की पातळ होते आणि नंतर आकसून मागे सरकते. शेवट सुरुवातीला टोकाला टोक भिडवायचा. एकावर एक चढवलं तर तिथं काच उचललेली राहते. दोन टोकांमध्ये फट राहिली तर सगळं मुसळ केरात.

पेटीतली टेप हरवली तर खिडक्यांना लावतात तो मऊ स्पंजी फोम चालत नाही. तो उघड्या छिद्रांचा असतो, तेल-पाणी पिऊन घेतो आणि काही महिन्यांत वास मारतो. बंद छिद्रांचा, सुमारे ३ मिमी जाडीचा, उष्णता सहन करणारा फोम मागा.

मग हॉब सरळ वरून खाली उतरवायचा, एका बाजूनं टेकवून सरकवायचा नाही. टेप गुंडाळली जाते. खालचे क्लॅम्प हातानं टेकेपर्यंत, नंतर कोपऱ्यांना तिरकं धरून अर्धा-अर्धा फेरा. टेप दबली की थांबा. स्क्रूड्रायव्हर मशीन लावून आवळू नका. क्लॅम्पचं काम हॉब सरकू न देणं एवढंच. काच दाबून फट बुजवायची नसते.

सांधेवाला

सिलिकॉनला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. टेपची बाहेरची कड काचेच्या १-२ मिमी आत असते, म्हणजे काचेखाली एक बारीक खाच उरतेच. त्यात केशाकर्षणानं पाणी ओढलं जातं, मागून तेल, पीठ, मग झुरळं. बाहेरून १ मिमीची बारीक सिलिकॉन रेघ दिली तर साफ करायला काही उरतच नाही. आणि ओट्याच्या पातळीत बसणाऱ्या हॉबला तर सिलिकॉन अनिवार्य आहे.

निळी ज्योत

पातळीत बसणाऱ्या हॉबचं बरोबर. तिथे रचनाच वेगळी. ओट्यात काचेची जाडी अधिक दबलेली टेप अधिक अर्धा मिमी एवढी खाच करतात, हॉब आत बसतो आणि चारही बाजूंना उरलेली १ ते २ मिमीची फट सिलिकॉननं भरतात. पण तिथेही काचेच्या खाली टेपच असते, सिलिकॉन खाली उतरू नये म्हणून. दुरुस्तीला फक्त कडेची रेघ कापावी लागते.

ओट्याच्या वर टेकणाऱ्या हॉबला बाहेरून बारीक रेघ दिली तर मी हरकत घेणार नाही, तीन अटींवर. आधी टेप नीट लागलेली हवी. सिलिकॉन न्यूट्रल असावं. शिरक्यासारखा उग्र वास येतो ते ॲसेटिक प्रकारचं असतं, ते सुकताना आम्ल सोडतं, पत्र्याला गंज आणतं आणि चुनखडीच्या दगडावर, म्हणजे संगमरवरावर, डाग पाडतं. आणि तिसरं, दगड नैसर्गिक असेल तर नळीवर 'नैसर्गिक दगडासाठी' असं लिहिलेलं असावं. साध्या सिलिकॉनमधलं तेल सच्छिद्र दगडात झिरपतं आणि कडेनं ओलसर दिसणारी काळपट पट्टी उमटते. ती घासून जात नाही.

रेघ देताना काचेवर आणि दगडावर दोन्हीकडे मास्किंग टेप, मध्ये रेघ, बोट ओलं करून एकदाच फिरवायचं आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप उचलायची. २४ तास बर्नर पेटवू नका, पाणी लावू नका.

ओळंबा

न्यूट्रलबद्दल +१. क्वार्ट्झच्या, म्हणजे रेझिनमध्ये दगडचुरा मिसळून केलेल्या ओट्यांबद्दल एक भर: रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे बिघडायला लागतं. म्हणून त्यात बसवलेल्या हॉबवर काचेबाहेर लोंबणारं रुंद बुडाचं भांडं ठेवू नये. आच भांड्याच्या बुडाखालून बाहेर वळते आणि थेट ओट्याच्या कडेवर पडते.

फटफजिती

मनापासून आभार. म्हणजे ५६० च. गॅसजोडणीत काय काय तपासून घ्यायचं? ती परवानाधारक माणूसच करणार, पण उभं राहून बघताना काय बघावं ते कळलं तर बरं.

निळी ज्योत

सगळ्यात आधी जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं टोक. हॉब कोणत्या गॅससाठी लावलेला आहे ते खोक्याखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. एलपीजीत घनमीटरमागे नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीच-तीन पट उष्णता असते, म्हणून तिचे जेट बारीक असतात. जेटवर कोरलेला आकडा बहुधा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो: ८५ म्हणजे ०.८५ मिमी. नैसर्गिक वायूचे जेट ठेवून एलपीजी जोडली तर लांब, पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते. उलट केलं तर ज्योत मरतुकडी. जेट बदलले की मंद आचेचा बायपास स्क्रूही लावून घ्यावा लागतो. हे विसरलं तर नॉब लहानावर नेताच बर्नर विझतो किंवा लहान आच लहान होतच नाही.

जोडताना दोन पाने लागतात. एकानं हॉबचा मागचा एल्बो (काटकोनी जोड) धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. एकाच पान्यानं जोर लावला की आतली बारीक नळी पिळली जाते आणि गळती खोक्याच्या आत, दिसणार नाही अशा जागी सुरू होते. सपाट वॉशर असलेल्या सांध्याला टेफ्लॉन टेप लावायची नसते, तिथे वॉशरच सील करतो. टेप निमुळत्या आट्यांना, आणि तीही गॅससाठीची जाड. नळाची पातळ पांढरी नको.

नळी पत्रकात दिलेल्या लांबीच्या आत, पिळ न पडता, खालच्या ड्रॉवरला न घासता जायला हवी. रबरी नळीचा कुठलाही भाग ७० अंशांवर तापता कामा नये. ओव्हन खाली असेल तर त्याच्या मागून रबरी नळी नेऊच नये. बंद करायचा कॉक हॉबच्या बरोबर खाली नको, शेजारच्या कपाटात, सामान न हलवता हात पोचेल असा.

एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली की कपाटाच्या तळाशी साठते. तळपट्टीला खाली जाळी किंवा भोकं असावीत. नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो.

शेवटी गळतीची चाचणी: सगळे नॉब बंद, कॉक उघडा, भांडी घासायच्या द्रव साबणाचा दाट फेस ब्रशनं प्रत्येक सांध्यावर. नळीची दोन्ही टोकं, कॉकचा दांडा, एल्बो. एखादा मिनिट बघायचं. बारीक गळतीचा फुगा सावकाश येतो. काडी पेटवून बघणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

घासणी

आता सफाईकडे वळूया, त्यावर जास्त चुकीचं सांगितलं जातं.

कडेचा तो काळा थर म्हणजे नुसती घाण नसते. तेलाचे थेंब पुन्हा पुन्हा तापून घट्ट झालेलं ते एक प्रकारचं वार्निशच असतं, त्यात धूळ आणि पीठ अडकलेलं. म्हणून साध्या साबणानं निघत नाही, आणि मग लोक सुरी घेतात. सुरीनं दोन गोष्टी होतात: टेप कापली जाते आणि काचेच्या कडेला टवका बसतो. टेम्पर्ड काचेची कड हीच तिची कमजोर जागा.

काय करायचं:

हॉब पूर्ण गार. प्रथम कोरडा मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम कडेनं फिरवा. कण ओले केले की चिखल होऊन आत ढकलले जातात. मग जुन्या सुती कापडाची लांब पट्टी गरम पाण्यात आणि भांड्यांच्या साबणात भिजवून, घट्ट पिळून, कडेला लागून १५ मिनिटं ठेवा. पाणी ओतायचं नाही. नंतर बांबूची काडी किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा कापडात गुंडाळून कडेनं ओढा, काचेला समांतर. आत खुपसू नका. जुना टूथब्रश चालतो, पण दांडा बाहेरच्या बाजूला कलता धरून, घाण बाहेर येईल असा.

तरी उरलं तर खाण्याचा सोडा तीन भाग, पाणी एक भाग असा लेप, १० मिनिटं, मग पुसून दोनदा स्वच्छ ओल्या कापडानं. सोडा फटीत राहिला की पांढरी रेघ दिसते. त्यानंतरही हटत नसेल तर तेलकटपणा काढणारं क्षारयुक्त द्रावण, कापडावर घेऊन, आधी कोपऱ्यात तपासून. व्हिनेगर किंवा लिंबू संगमरवराजवळ आणूच नका, चकाकी कायमची जाते. ग्रॅनाइटचं पॉलिश त्यानं सहसा बिघडत नाही, पण तेलावर आम्लाचा उपयोगही फारसा नाही. पाण्याच्या क्षारांच्या डागांना ते ठीक.

फवारा थेट हॉबवर मारू नका. द्रावण नॉबच्या दांड्यातून आणि स्पार्कच्या पिनेजवळून खाली उतरतं. कापडावर मारा.

बर्नरबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमचे बर्नर डिशवॉशरमध्ये किंवा धुण्याच्या सोड्यात घातले की काळे-करडे पडतात आणि मूळ रंग परत येत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं पुरे. पितळेच्या बर्नरचा रंग आचेनं बदलणारच, त्याला झिलई आणायच्या नादात भोकांत पॉलिश भरून ठेवू नका. भोकं नायलॉनच्या ब्रशनं, फार तर टाचणीनं, पण मोठी न करता. जेटच्या भोकात टाचणी घालू नका, ते शंभराव्या भागात मोजलेलं असतं.

परत लावताना बर्नर पूर्ण कोरडा. झाकणी बोटानं हलकेच फिरवून बघा, डुगडुगली तर खाचेत बसलेली नाही. तशीच पेटवली तर ज्योत एका बाजूनं खाली वळते आणि काचेच्या एकाच जागेवर आच धरते.

चकमक

साफ केल्यावर स्पार्क थांबतच नाही, टकटक चालूच राहते. बॅटरी नवी आहे. काय बिघडलं असेल?

निळी ज्योत

बहुधा बिघडलेलं काही नसतं, ओल असते. नॉबच्या खाली स्विच असतो, तिथे पाणी गेलं की तो दाबलेलाच समजतो. बॅटरी काढा (विजेवर असेल तर स्विच बंद), नॉब सरळ वर ओढून काढा, रात्रभर उघडे ठेवा. हेअर ड्रायर चालतो, पण गार किंवा कोमट हवेवर, लांबून.

नॉब निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर काचेवर टेकवून उचकू नका. पातळ कापडाची पट्टी नॉबच्या खालून दोन्ही बाजूंनी घालून एकदम वर ओढा.

उलट तक्रार, म्हणजे स्पार्क पडतो पण गॅस पेटत नाही: पिनेभोवतीची पांढरी सिरॅमिक नळी बघा. ओशट किंवा तडकलेली असेल तर ठिणगी वाटेतच पत्र्याला जाते. आणि पेटतं पण नॉब सोडला की विझतं, तर थर्मोकपलचं टोक काजळलेलं. ज्योतीत तापून ते काही मिलिव्होल्ट वीज तयार करतं, तिच्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोकावर काजळी असली तर तेवढी आच पोचत नाही. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा, वाकवू नका.

चकमक

ओलच होती. नॉब काढून ठेवल्यावर थांबलं.

काचबिंदू

गॅस हॉबच्या काचा आपोआप फुटतात म्हणतात, त्यात तथ्य किती?

ओळंबा

फुटतात, पण 'आपोआप' क्वचितच. टेम्पर्ड काचेच्या बाहेरच्या थरात दाब आणि आतल्या थरात ताण साठवलेला असतो. चरा किंवा टवका आतल्या थरापर्यंत पोचला की ती सगळीच्या सगळी बारीक तुकड्यांत सुटते. टवका आज पडतो, काच तापून-गार होऊन पुढे कधीतरी जाते, म्हणून ती आपोआप वाटते. काचेत बनतानाच राहिलेले निकेल सल्फाइडचे कण हे खरोखर आपोआप फुटण्याचं एक ठाऊक कारण आहे, पण त्याआधी बाकीची तपासा:

आवळून बसवलेले क्लॅम्प. जाळीच्या पायाचं रबर हरवलेलं, त्यामुळे लोखंड थेट काचेवर. वेडीवाकडी बसलेली झाकणी. दोन बर्नर झाकणारा तवा किंवा आच पसरवणारी लोखंडी पाटी, जिच्याखाली उष्णता कोंडते. आणि तापलेल्या काचेवर गार ओलं फडकं.

शेवटचं कारण सिरॅमिक काचेला, म्हणजे इंडक्शन आणि इलेक्ट्रिक हॉबच्या ४ मिमीच्या काचेला, जवळपास लागू नाही. ती तापून जवळजवळ प्रसरणच पावत नाही. दोन्ही काचा दिसायला सारख्या, वागायला वेगळ्या.

घासणी

सफाईतही वेगळ्या. सिरॅमिक काचेवर ब्लेडची खरवडणी सुमारे ३० अंशांत कलती धरून वापरता येते, तिच्यासाठीच बनवलेली असते. गॅस हॉबच्या टेम्पर्ड काचेवर, त्यातही छापील रंग असलेल्या काचेवर, ब्लेड नको.

सिरॅमिकवर साखर किंवा साखरेचा पाक सांडला तर मात्र गार होईपर्यंत थांबू नका. लगेच बंद करून, जाड हातमोजा घालून, गरम असतानाच खरवडणीनं बाजूला ओढा. गार होताना साखर काचेला धरून आकसते आणि पापुद्रा उचकटून खड्डा पाडते. बाकी सगळं गार झाल्यावर, एवढं एकच गरम असताना.

रंधा

कटआऊट आधीच ५७५ कापलेला असेल तर? ओटा बदलणं शक्य नाही. हॉब ५९० चाच.

ओळंबा

मधोमध धरला तर दोन्हीकडे ७.५ मिमी टेकू उरतो, पण खोक्याला मोकळीक १०.५ ची आहे, म्हणजे सरकला तर एक बाजू चक्क भोकात पडेल. नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर सोडू नका.

त्याच दगडाच्या ७.५ मिमीच्या पट्ट्या, ओट्याइतक्याच जाडीच्या, दोन्ही बाजूंना इपॉक्सीनं चिकटवा. पण इपॉक्सीवर वजन द्यायचं नाही. साधी इपॉक्सी ६०-७० अंशांपुढे मऊ पडायला लागते. पट्टीखाली २५ × २५ मिमीचा लोखंडी अँगल कपाटाच्या बाजूच्या फळीला स्क्रूनं लावा, त्याची एक भुजा पट्टी आणि मूळ दगड दोन्हींखाली गेली पाहिजे. वरचा पृष्ठभाग ओळंब्यानं नाही, सरळ पट्टीनं तपासा. पायरी उरली तर घासून काढा, टेपनं भरून काढू नका.

गुण्या

लाकडी ओटा असेल तर तेच काम सागाच्या किंवा कुठल्याही पक्क्या लाकडाच्या पट्टीनं, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. वरून वार्निश विसरू नका.

फटफजिती

शेवटचा प्रश्न. टेप खराब झाली आहे हे ओळखायचं कसं, आणि हॉब उचलायचा कसा?

घासणी

खूण वर दिसत नाही, खाली दिसते. खालच्या कपाटात टॉर्च मारून कटआऊटची कड बघा. तपकिरी ओघळ, ओलसर लाकूड, गंजलेले क्लॅम्पचे स्क्रू यांपैकी काही असेल तर टेप गेली. वरून कितीही घासलं तरी दोन दिवसांत ओशट रेघ परत येते, तेव्हाही खाली तेल साठलेलं असतं.

निळी ज्योत

उचलताना क्रम असा: कॉक बंद, एक बर्नर पेटवून नळीतला गॅस जाळून टाका, बॅटरी किंवा प्लग काढा. जाळ्या, झाकण्या, नॉब बाजूला. नळी परवानाधारकानं सोडवावी, दोन पान्यांनीच. क्लॅम्प खालून सोडा. कडेनं सिलिकॉनची रेघ असेल तर मासेमारीची नायलॉन दोरी काचेखाली घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढत कापा, ब्लेड नाही. मग एकानं खालून लाकडी ठोकळा पत्र्याच्या खोक्याला लावून हळू वर ढकलायचं, काचेला नाही, आणि दुसऱ्यानं वरून दोन्ही बाजूंनी धरायचं.

जुन्या टेपचा चिकटा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. दगडावर रॉकेल लावू नका, मुरतं. ॲक्रिलिकच्या ओट्यावर ॲसिटोन लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. कड पूर्ण कोरडी करून नवी टेप, वर सांगितल्याप्रमाणे.

सांधेवाला

आणि हॉब परत बसला की साबणाच्या फेसाची चाचणी पहिल्यापासून, सगळ्या सांध्यांवर. नळी एकदा हलली की तिच्या दुसऱ्या टोकाचा, न सोडलेला सांधाही सैल होऊ शकतो.